शेवटच्या खांबावरचे पाच व्होल्ट

दारव्हा तालुक्यात दिवाळीच्या आगेमागे शेतात एकच धांदल असते. सोयाबीन निघालेलं असतं, कपाशीची वेचणी चालू असते, तूर फुलावर येत असते आणि हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं असतं. विहिरीवरच्या आणि बोअरवरच्या मोटारी मग एकाच वेळी चालू होऊ बघतात. शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते. पाळी रात्रीची असली की माणूस बॅटरी घेऊन बांधावर जातो. डीपीजवळच्या मोटारी धो धो पाणी फेकत असतात, आणि त्याच तारेच्या शेवटच्या खांबावरची मोटार मात्र नुसती घुमते, पाणी उचलत नाही. तशीच घुमत राहिली तर वायंडिंग जळते, कारण दाब कमी झाला तरी पंपाचं ओझं तेवढंच राहतं आणि मोटार ते ओढायला जास्त करंट घेते. त्यामुळे ‘व्होल्टेज पडलं’ म्हणजे काय, हे इथल्या शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही.

हेच दुखणं, अगदी याच कारणाने, टेबलावर पाच व्होल्टांनाही होतं. तिथे मात्र ते पटकन ओळखू येत नाही. लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टला प्रोग्रॅमर जोडलेला असतो, प्रोग्रॅमरला सर्किट जोडलेलं असतं आणि काम मध्येच तुटतं. मग दोष प्रोग्रॅमला दिला जातो, ड्रायव्हरला दिला जातो, स्वस्तातल्या बोर्डाला दिला जातो. मोठ्या शहरात चुकीच्या निदानाची किंमत थोडी असते. संध्याकाळी बाजारात जाऊन दुसरा बोर्ड आणता येतो. दारव्ह्यात तो नागपूरहून किंवा पुण्याहून कुरिअरने मागवावा लागतो. यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरची ‘शकुंतला’ रेल्वे दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनात थांबायची, तीही आता धावत नाही. चांगल्या बोर्डाला मेलेला ठरवलं की पैसे जातात आणि प्रकल्पाचे दिवस त्याहून जास्त जातात. म्हणून हा विषय पुण्यापेक्षा दारव्ह्यात अधिक मोलाचा आहे.

शेतातला डबा

पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी शेतातली मोटार मोबाइलवरून चालू-बंद करणारं ‘नॅनो गणेश’ हे उपकरण तयार केलं. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळालं. रात्री-बेरात्री, साप-विंचवाच्या वाटेने फक्त बटण दाबायला जाणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न त्यातून जगासमोर गेला. त्यानंतर अनेकांचे मोबाइल स्टार्टर बाजारात आले. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आपल्याकडची बरीच मुलं हाच प्रकल्प निवडतात, कारण घरी वडिलांची रात्रपाळी त्यांनी पाहिलेली असते.

अशा स्टार्टरचा डबा उघडला तर आत काय दिसतं? सिमकार्ड घातलेलं एक जीएसएम मॉड्यूल, तिन्ही फेज आहेत की नाही ते पाहणारं सर्किट, स्टार्टरची कॉइल ओढणारे रिले आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा मायक्रोकंट्रोलर. त्या नखाएवढ्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचा तर डीबगर लागतो. तो प्रोग्रॅम भरतो, हव्या त्या ओळीवर चिपला थांबवतो, त्या क्षणी आत कोणती संख्या आहे ते दाखवतो आणि मग एकेक पाऊल पुढे नेतो. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचा एसटी-लिंक, सेगरचा जे-लिंक, मायक्रोचिपचे पिककिट, एव्हीआर चिपांसाठीचा साधा यूएसबीएएसपी ही त्यातली ओळखीची नावं. ही सगळी यंत्रं लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टवरच जगतात. मुलं बहुतेक वेळा पुढचं सगळं सर्किटही त्याच पोर्टवर जगवायला बघतात, आणि दुखण्याची सुरुवात तिथून होते.

टेबलावरचं दुखणं

दारव्ह्यातल्या एका वायंडिंगच्या दुकानात हे दुखणं जवळून बघायला मिळालं. मागच्या बाजूला तांब्याच्या तारेची रिळं, जळक्या वार्निशचा वास, आणि खिडकीपाशी शेजारच्या मुलाने मांडलेला संसार: लॅपटॉप, त्याला चार तोंडांचा एक हब, हबला माउस, पेन ड्राइव्ह आणि एसटी-लिंकचा स्वस्त अवतार. त्याच्यापुढे मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड आणि जीएसएम मॉड्यूल. हबला वेगळा अडॅप्टर नव्हता.

लक्षणं सगळी पाठ्यपुस्तकातली. डीबगर आधी चिप ओळखतो. जुना प्रोग्रॅम पुसला जातो, नवा भरायला लागतो आणि पडताळणीच्या वेळी तुटतो. लॅपटॉपमधून उपकरण निघाल्याचा आवाज येतो, पाठोपाठ जोडल्याचा आवाज येतो. मॉड्यूलचा दिवा नेटवर्क मिळाल्यासारखा संथ लुकलुकायला लागतो आणि एकदम पहिल्यापासून भरभर लुकलुकू लागतो. माउसही मधूनच अडकतो.

“भाऊ, बोर्डच गेला वाटते. ड्रायव्हर बदलून पाह्यला, केबल बदलून पाह्यली, तरी डिस्कनेक्टच होऊन राह्यलं.”

“अन् व्होल्टेज?”

“पाच आहे ना पूर्ण. मीटर लावून पाह्यलं.”

“मोटार बंद असताना मोजलं का चालू असताना?”

वायंडिंगवाल्या भाऊंना मायक्रोकंट्रोलर ठाऊक नव्हता, पण आयुष्यभर पडलेल्या व्होल्टेजने जळालेल्या मोटारी त्यांनी उघडल्या होत्या. मोटार बंद असताना शेवटच्या खांबावरही मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खरा आकडा भार पडल्यावर कळतो. मुलाने मीटरच्या पिना बोर्डाच्या पाच व्होल्टवर आणि ग्राउंडवर टेकवून धरल्या आणि मॉड्यूल चालू केलं. निवांत असताना पाचच्या जवळ उभा असलेला आकडा, मॉड्यूल टॉवर शोधायला लागताच खाली घसरला आणि थरथरत राहिला. पुढच्याच क्षणी लॅपटॉपने उपकरण सोडलं. बोर्ड धडधाकट होता. त्याला पोटभर वीज मिळत नव्हती.

पोर्टने काय कबूल केलेलं असतं

यूएसबीचं पहिलं मानक जानेवारी १९९६ मध्ये आलं. इंटेलमध्ये ते घडवणाऱ्या चमूत अजय भट्ट आघाडीवर होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून शिकून ते अमेरिकेत गेले होते. कीबोर्डला एक तोंड, प्रिंटरला दुसरं, माउसला तिसरं, ही कटकट मिटवायची होती आणि त्याच तारेतून थोडी वीजही द्यायची होती. माउस-कीबोर्ड चालतील एवढी, असाच तेव्हाचा अंदाज होता.

म्हणून पोर्टच्या विजेला शिस्त घातली गेली. उपकरण जोडलं की पहिल्यांदा त्याने १०० मिलिअँपिअरच्या आत राहायचं. मग ते संगणकाला स्वतःची ओळख सांगतं आणि जास्तीत जास्त किती करंट लागेल तेही सांगतं. संगणकाने होकार दिला तरच त्याने जास्त घ्यायचं, आणि तेही एप्रिल २००० मध्ये आलेल्या यूएसबी २.० च्या नियमानुसार ५०० मिलिअँपिअरपर्यंत. २००८ च्या यूएसबी ३.० ने ही मर्यादा ९०० वर नेली. यूएसबी २.० मध्ये दाबाचंही ठरलेलं आहे: भर भारात पोर्टवर किमान ४.७५ व्होल्ट असले पाहिजेत.

खरी मेख हबमध्ये आहे. स्वतःचा अडॅप्टर नसलेला हब संगणकाकडून एकूण ५०० मिलिअँपिअर घेतो, त्यातले १०० स्वतःसाठी ठेवतो आणि चार तोंडांना प्रत्येकी १०० वाटतो. त्याच्या तोंडावर दाब ४.४० व्होल्टपर्यंत उतरला तरी तो नियमात बसतो. चार तोंडं दिसतात म्हणून चौपट वीज मिळत नाही. एकाच डीपीवरून चार जोडण्या काढल्यासारखं ते आहे. वर, हिशेब उपकरणाने सांगितलेल्या आकड्यावर चालतो. डीबगरने स्वतःपुरता आकडा सांगितलेला असतो. त्याच्या मागे आपण जोडलेला बोर्ड, मॉड्यूल, रिले संगणकाला दिसतच नाहीत. प्रत्यक्षात ओढलेला करंट फार वाढला की काही संगणक पोर्ट बंद करून तशी सूचना देतात, काही मुकाट बंद करतात, आणि बऱ्याच वेळा दाब नुसता घसरत राहतो. तिसरी तऱ्हा सगळ्यात फसवी, कारण तेव्हा कुठेच काही लिहून येत नाही.

डीबगरच्या पुढच्या पिनेवरून मिळणारी वीज तर याहून कमी. पिककिट ३ समोरच्या सर्किटला फक्त ३० मिलिअँपिअर देऊ शकतो. जे-लिंकची पाच व्होल्टची पिन जास्तीत जास्त ३०० देते. चिप आणि एखादा दिवा एवढ्यावर चालतो. रिले आणि रेडिओ त्यावर चालवायचे नसतात.

तारेचा हिशेब

पोर्टपासून बोर्डापर्यंतची केबल हा या गोष्टीतला दुर्लक्षित भाग. बऱ्याच स्वस्त केबलींत विजेच्याही तारा २८ गेजच्या असतात. अशा तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणून दोन मीटर केबलीत चार मीटर तार मोजायची: सुमारे ०.८५ ओहम. ५०० मिलिअँपिअर वाहिले की जवळपास ०.४३ व्होल्ट केबलीतच खर्ची पडतात. पोर्टवर नियमाप्रमाणे ४.७५ व्होल्ट असले तर बोर्डाला उरले ४.३२.

आता बोर्डाकडे या. बहुतेक स्वस्त बोर्डांवर पाचाचे ३.३ व्होल्ट करणारा १११७ जातीचा रेग्युलेटर असतो. त्याला बाहेर द्यायच्या दाबापेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त आत लागतात, म्हणजे किमान ४.४. मिळाले ४.३२. रेग्युलेटर हात टेकतो, ३.३ चा दाब खाली सरकतो, आणि चिप कधी चालते, कधी रीसेट होते. तीच केबल एक मीटरची आणि २४ गेजची घेतली तर त्याच करंटला जेमतेम ०.०८ व्होल्ट जातात. केबल बदलण्याने इतका फरक पडतो. पण बदललेली केबलही तेवढीच बारीक आणि तेवढीच लांब असेल तर काही पडत नाही. त्या मुलाने केबल बदलली होती, ती अशीच.

दोन अँपिअरचा झटका

मोबाइल वाजायच्या आधी जवळच्या स्पीकरमधून टिर्र-टिर्र असा आवाज यायचा, तो अनेकांच्या कानात असेल. जीएसएम रेडिओ सतत बोलत नाही, दर ४.६ मिलिसेकंदांनी तो अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ जोरात बोलतो. ती टिर्र त्या तुटक बोलण्याची. प्रत्येक झटक्याला मॉड्यूल २ अँपिअरपर्यंत करंट ओढू शकतं, विशेषतः टॉवर लांब असताना, आणि शिवारात टॉवर लांबच असतो.

साधा मीटर हा झटका पकडू शकत नाही. तो सरासरी दाखवतो, त्यामुळे आकडा ठीकठाक वाटूनही चिप रीसेट होत राहते. ऑसिलोस्कोप असेल तर दाबाचे खड्डे स्वच्छ दिसतात. नसेल तर मॉड्यूल काढून ठेवून प्रोग्रॅम भरून बघावा. तो विनातक्रार भरला गेला तर चोर सापडला. वायफायच्या ईएसपी३२ चिपने स्वतःतच सोय ठेवली आहे: दाब घसरला की ती तशी ओळ पाठवून रीसेट होते. तिच्या उत्पादकाचा सल्ला किमान ५०० मिलिअँपिअर देणारा पुरवठा ठेवण्याचा आहे. मुलं ती ओळ वाचतात आणि ब्राउनआउट तपासणीच प्रोग्रॅममधून बंद करून टाकतात. त्याने सूचना थांबते, दाबाचे खड्डे तसेच राहतात.

झटका सोसायला मॉड्यूलजवळ १००० मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर लावतात. तो योग्यच आहे, पण थेट यूएसबीच्या पाच व्होल्टवर लावू नये. जोडताक्षणी पोर्टसमोर १० मायक्रोफॅरडपेक्षा जास्त कपॅसिटन्स उभा राहू नये असा नियम आहे. रिकामा मोठा कपॅसिटर जोडल्याबरोबर एवढा करंट ओढतो की पोर्ट तिथेच बंद पडू शकतो. त्याची जागा मॉड्यूलच्या स्वतंत्र पुरवठ्यावर.

तपासायचा क्रम

आधी बोर्डाच्या टोकाला, भार चालू असताना मोजावं. मीटर पोर्टवर लावून उपयोग नाही. ४.५ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर प्रोग्रॅमकडे वळूच नये.

मग हब काढावा आणि डीबगर थेट लॅपटॉपला लावावा. डेस्कटॉप असेल तर मागचे पोर्ट वापरावेत. पुढचे पोर्ट कॅबिनेटमधल्या बारीक तारांवरून आलेले असतात. आखूड, जाड केबल घ्यावी. हब लागणारच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्यावा.

संगणक काय म्हणतो तेही वाचावं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब उघडला की वीज वाचवण्यासाठी पोर्ट बंद करण्याची परवानगी दिसते. ती काढून टाकावी. लिनक्समध्ये कर्नलच्या नोंदींत ओव्हर-करंटचा उल्लेख आहे का ते पाहावं.

त्यानंतर सगळ्यात महत्त्वाचं काम: बोर्डाला त्याची स्वतःची वीज द्यावी आणि डीबगरकडे फक्त संवाद ठेवावा. वेगळा पुरवठा दिला की डीबगरकडून येणारी पाच किंवा ३.३ व्होल्टची पुरवठ्याची तार काढायची, नाहीतर दोन पुरवठे एकमेकांवर चालून जातात आणि वीज उलटी लॅपटॉपच्या पोर्टात शिरू शकते. ग्राउंडची तार मात्र कधीही काढायची नाही. ती नसेल तर दोन्हीकडचे संकेत एकमेकांना कळत नाहीत. जे-लिंकसारख्या डीबगरला समोरच्या बोर्डाचा दाब मोजण्यासाठी एक वेगळी पिन असते, तीही जोडलेली हवी.

त्या दुकानात हेच झालं. मॉड्यूलला वेगळा पुरवठा, ग्राउंड एकत्र, हब बाजूला. प्रोग्रॅम एका दमात भरला गेला आणि पडताळणीही पार पडली.

जिवाशी खेळ नको

मोटारीच्या स्टार्टरचं सर्किट टेबलावर आणताना एक धोका सतत ध्यानात हवा. काही स्वस्त ऑटो स्विचांत ट्रान्सफॉर्मर नसतो. कपॅसिटरमधून थेट मेन्सवरून पाच व्होल्ट काढलेले असतात. अशा सर्किटचं ग्राउंड फेजला चिकटलेलं असू शकतं. त्याला मेन्स जोडलेली असताना डीबगर लावला तर लॅपटॉप जाईल, आणि लॅपटॉपला हात लावलेला माणूसही जाऊ शकतो. प्रोग्रॅम भरताना मेन्स पूर्ण तोडावी आणि बोर्ड टेबलावरच्या अलग पुरवठ्यावर चालवावा. चालू मेन्सवर बघणं अटळ असेल तर यूएसबी आयसोलेटर लागतो आणि सोबत जाणकार माणूसही लागतो. आयसोलेटर घेतानाही विजेचा आकडा वाचावा. अनेकांत एक वॅटचा कन्व्हर्टर असतो, म्हणजे पाच व्होल्टला २०० मिलिअँपिअर. सुरक्षिततेसाठी घेतलेली वस्तू पुन्हा तीच उपासमार घेऊन येते.

शेतातलं उत्तर आणि टेबलावरचं उत्तर

शेवटच्या खांबाच्या दुखण्यावर महावितरणने २०१८ मध्ये शेतीपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आणली. लघुदाबाची लांबलचक तार ओढण्याऐवजी ११ हजार व्होल्टची तार शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन पंपांसाठी छोटं रोहित्र तिथेच बसवायचं. दाब जास्त असला की तेवढ्याच विजेसाठी करंट कमी लागतो, आणि तारेतली गळती करंटच्या वर्गाने घटते.

यूएसबीनेही याच वाटेने मजल मारली. टाइप-सी आणि पॉवर डिलिव्हरीत उपकरण आणि चार्जर आपसात बोलून दाब ५ वरून ९, १५, २० व्होल्टपर्यंत नेतात. २० व्होल्ट आणि ५ अँपिअरला १०० वॅट होतात. २०२१ च्या सुधारणेने ४८ व्होल्टवर २४० वॅटची मुभा दिली. बांधावरच्या मोटारीला आणि लॅपटॉपच्या चार्जरला एकच पदार्थविज्ञान लागू आहे. साधे डीबगर मात्र अजून जुन्या पाच व्होल्टांवरच चालतात, म्हणून त्यांच्यापुरता तारेचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो.

शिकवणाऱ्यांसाठी

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून शाळांत सुरू झाल्या. सहावीपासूनच्या मुलांच्या हातात आर्डुइनो आले, सेन्सर आले. आर्डुइनो उनोवर ५०० मिलिअँपिअरचा आपोआप जुळणारा फ्यूज असतो, त्यामुळे पोर्ट वाचतो. फ्यूज का तापला, एवढं मात्र त्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं. शाळेत आणि कॉलेजात प्रोग्रॅम शिकवला जातो, सेन्सर शिकवला जातो. वीजपुरवठा पहिल्या दिवशी पाच मिनिटांत उरकला जातो.

नुकसान पैशापुरतं राहत नाही. दारव्ह्यासारख्या गावातून आलेला मुलगा आधीच थोडा बिचकलेला असतो. इंग्रजीतले संदेश, उसना लॅपटॉप, आजूबाजूला विचारायला कुणी नाही. काम वारंवार तुटायला लागलं की तो दोष स्वतःकडे घेतो आणि हे आपलं काम नव्हे असं ठरवून टाकतो. अशा वेळी त्याच्या बोर्डाला ०.४ व्होल्ट कमी पडत होते, एवढंच खरं असतं.

यावर मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक प्रयोगशाळेत अडॅप्टर असलेला एक हब, आखूड जाड केबली, एक यूएसबी मीटर आणि पाच व्होल्टचा एक भक्कम पुरवठा एवढं असलं तरी पुरेल. प्रकल्पाच्या वहीत सर्किटच्या आकृतीखाली एक रकाना आखून घ्यावा: बोर्डाच्या टोकाला, पूर्ण भार चालू असताना मोजलेले व्होल्ट. आणि तोंडी परीक्षेला बसलेल्या परीक्षकाने प्रोग्रॅमची पहिली ओळ विचारण्याआधी हा आकडा विचारावा. आकडा कोरा असेल तर मुलाला मीटर द्यावा, तिथेच मोजायला लावावं, आणि मग पुढचा प्रश्न विचारावा.